बोडीमागचा डोंगर

आमच्या गावाचा एकही फोटो नाही. लग्नांचे आहेत चार-दोन, पण त्यांत माणसं आहेत आणि माणसांच्या मागे मांडवाचं कापड. गावाचाही फोटो काढून ठेवावा लागतो, हे तेव्हा कुणाला सुचणार? आता गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. मी पुण्यात आहे, आणि माझी माय भंडाऱ्याकडे नव्या गावात भावाच्या घरी आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मायला विसर पडायला लागला. आधी कालचं विसरली, मग नवं गाव विसरली, मग एके दिवशी तिनं वहिनीला विचारलं की बाई, तू कोणाकडची. जुनं मात्र सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळ झाली की ती पायांत चपला घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, बोडीवर जायचं आहे, म्हशी राहिल्या आहेत. भाऊ तिला हातपंपापर्यंत नेऊन परत आणायचा. बोडी म्हणजे आमच्याकडे शेताजवळचं लहान तळं, भाताला पाणी द्यायला बांध घालून केलेलं. आमची बोडी आमच्या घराच्या मागेच होती.

मी आठवड्याला फोन करायचो. भाऊ फोन तिच्या कानाला लावायचा. सुरुवातीला ती जेवला का विचारायची. नंतर नुसतीच ऐकायची. आणि मग एका रविवारी तिनं विचारलं, "कोन होय गा तू?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, बरं. कुणा अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

मला भीती वाटली ती ह्याची, की भाऊ डोळ्यांसमोर आहे म्हणून तो राहील, मी लांब आहे म्हणून आधी पुसला जाईन. हे कुणाला बोलून दाखवायची लाज वाटली. आपल्या आजारी आईबद्दल विचार करताना माणसानं स्वतःचाच विचार करावा, हे काही बरं नाही. पण होता तो विचार, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून लिहून टाकतो.

शाळा माझी सातवीत सुटली. त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची धाकधूक असते. गाव उठल्यावर मी ओळखीच्या एकाबरोबर चाकणला कंपनीत आलो, पॅकिंगला. ते कंत्राट संपलं. मग काम शोधत बुधवार पेठेतून चाललो होतो तेव्हा एका फ्रेमच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, ‘कामाला माणूस पाहिजे. चौकशी आत. विनाकारण चौकशी करू नये.’ मी बराच वेळ बाहेरच उभा होतो. माझी चौकशी सकारण आहे का, हे मला ठरवता येईना.

आत पिकल्या दाढीचे एक गृहस्थ काच कापत बसले होते. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते. त्यांची चौथी पिढी पुण्यात फ्रेमा करते आहे. त्यांनी मान वर न करता विचारलं, गाव का सोडलं. मी म्हणालो, "आमची बोडी धरणात गेली."

त्यांचा हात थांबला. "कुणाची?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमचीच."

"मिळाली का?"

मी म्हणालो, नाही, मोबदला दिला सरकारनं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि उद्यापासून ये म्हणाले. इतक्या सहज मला कुणीच काम दिलं नव्हतं. मला वाटलं, पुण्याचे लोक धरणग्रस्तांना फारच मानतात.

त्यांनी बोडी ऐकलंच नव्हतं. बॉडी ऐकलं होतं.

हे उघडकीला यायला आठ महिने लागले. तोवर ते माझ्याशी जपून वागत. रागावले तर अर्ध्यात थांबत. धरणाचं, नदीचं चित्र फ्रेमला आलं की माझ्यासमोरून गुपचूप उचलून स्वतः करत. एकदा उन्हाळ्यात बोलता बोलता मी म्हणालो, आमच्या बोडीत ह्या दिवसांत म्हशी बसायच्या. चाचांनी हातातला हिरा, म्हणजे काच कापायचं ते पेनासारखं हत्यार, खाली ठेवला. मग मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. मला वाटलं, ज्या मयतावर नोकरी मिळाली ते मयतच नाही म्हटल्यावर नोकरी गेली.

"म्हणजे आठ महिने मी कुणासाठी दुवा मागतोय?" चाचा म्हणाले. "तळ्यासाठी?"

मी काउंटरवरचे काचेचे तुकडे गोळा करायला लागलो.

"असू दे. तळ्यालाही लागत असेल," ते म्हणाले आणि परत हिरा उचलला.

चित्रांशी माझा संबंध तेव्हा एवढाच, की चित्राभोवती जाड पुठ्ठ्याचं माउंट कापायचं, आतल्या कडेला तिरका काप द्यायचा, काच पुसायची, मागून खिळे मारायचे. देव, लग्नं, आजोबा, पदव्या. सगळं सारखंच. चित्रात काय आहे हे बघायची गरज पडत नसे.

मग एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत राहणाऱ्या. त्यांनी कापडात गुंडाळलेली पाच जलरंगातली चित्रं काढली आणि मी पहिल्यांदा हात पुसून चित्र हातात घेतलं. त्यात धड काही नव्हतं. झाड म्हणावं तर त्याची कड नाही, रस्ता म्हणावं तर तो अर्ध्यातच धुक्यात विरघळलेला. तरी मला ते ठिकाण माहीत होतं. आपण झोपेत जिथं जातो आणि जागे झाल्यावर सांगता येत नाही, तसलं काहीतरी. मी विचारलं, हे कुठलं गाव. त्या म्हणाल्या, कुठलंच नाही. लहानपणी आजोळी जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायचं ते आठवत बसते, आणि हात चालेल तसा चालू देते.

दोन दिवस मी त्या चित्रांसमोर माउंट कापायचं सोडून बघत बसलो. आणि घोटाळा केला. त्यातलं एक चित्र उलटं बसवलं. खालचं वर आणि वरचं खाली. कोपऱ्यातली बारीक सहीसुद्धा माउंटखाली झाकली गेली.

बाई न्यायला आल्या. चष्मा लावून त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. आता पुढे काय होणार ह्या विचारात चाचा काउंटरवरचा धागा गुंडाळत होते.

"अहो," त्या मला म्हणाल्या, "माझं आजोळ आपण उताणं पाडलंत."

मी माफी मागितली. दुसरं काही सुचेना म्हणून खरं ते सांगितलं. आमच्याकडे बोडीत आभाळ वरच्यापेक्षा जास्त उजळ दिसतं. वर मोहाच्या झाडांनी काळोख केलेला असतो आणि उजेड सगळा खाली पाण्यात असतो. ह्या चित्रात उजेड एका बाजूला होता, म्हणून ती बाजू मी खाली घेतली.

त्यांनी चष्मा काढला. ते चित्र तसंच राहू द्या म्हणाल्या, खिळे काढू नका. आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या, ते हातकागदाचे सात-आठ तुकडे, दोन जुने ब्रश आणि रंगांच्या अर्ध्या वापरलेल्या नळ्या घेऊन. मी हे कसं फेडणार होतो? मी तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "फेडू नका, वापरा. नळ्या वाळतात."

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या गॅलरीत बसून मी शिकायला लागलो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी. कागद आधी भिजवायचा. मग तो चमकत असतानाच रंगात बुडवलेल्या ब्रशचं टोक टेकवायचं, आणि हात मागे घ्यायचा. पहिल्यांदा निळा रंग टेकवला तेव्हा तो माझ्या देखत पसरत गेला, फांद्या फुटल्यासारखा, मी काहीही न करता. मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. कधीतरी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांध फुटून पाणी शेतात शिरताना पाहिलं होतं, अगदी तसंच. कागदाला उतार होता तिकडे रंग गेला. पाण्याला सगळीकडे एकच अक्कल असते बहुतेक.

मी घाई करायचो. ओल्यातच पुन्हा ब्रश घालायचो आणि चिखल व्हायचा. बाई म्हणायच्या, "अहो, वाळू द्या की. कुठली गाडी पकडायचीय आपल्याला?" एकदा मी पांढरा रंग मागितला, पाण्यावरची चमक दाखवायला. त्या म्हणाल्या, पांढरा नसतो. तिथं कागद सोडायचा. मी विचारलं, आणि सोडायचा राहिला तर? त्या म्हणाल्या, मग राहिला.

आणि एक सांगायच्या, आठवतंय तेवढंच काढा, जे आठवत नाही ते पाण्यावर सोपवा.

मला वाटायचं आपल्याला बोडी पूर्ण आठवते. काढायला बसलो तर तिचा आकारही सांगता येईना. गोल होती का लांबट? घाटाचा दगड डाव्या हाताला होता का उजव्या? घाबरून मी भावाला फोन केला, तो म्हणाला दगडबिगड काही आठवत नाही बुवा. मग मी नुसताच कागद भिजवला आणि हिरवा सोडला. तो पसरत पसरत एका ठिकाणी थांबला, आणि ती जागा बघताच मला शिंगाडे आठवले. आमच्या बोडीत शिंगाड्याचा वेल असायचा. माय काठावर बसून शिंगाडे सोलायची आणि तिच्या बोटांची टोकं दिवाळीपर्यंत काळी असायची. ती बसायची तोच तो दगड. डाव्या हाताला. तीस वर्षांत एकदाही न आठवलेली तिची काळी बोटं मला दिसली, नखांसकट. मी ब्रश खाली ठेवला. हे माझ्यात कुठं होतं इतके दिवस? मी तर ते शोधतही नव्हतो.

ह्यानंतर मी ठरवलं की मायसाठी एक बोडी काढायची आणि घेऊन जायचं. ती बोडीवर जायचं म्हणते ना, मग बोडीच तिच्याकडे न्यायची. ती बोडी ओळखेल. आणि बोडी ओळखली तर बोडी आणणाऱ्यालाही ओळखेल. साधा हिशेब होता, पण मी त्याच्यावर सगळं लावून बसलो होतो.

बाईंनी सांगितलं, नुसतं आठवत बसू नका, खरं पाणी बघा जाऊन. म्हणून मी स्वारगेटहून बस धरून खडकवासल्याला जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा चमत्कारिक वाटलं. इथं लोक धरणाला फिरायला येतात. कणसं खातात, फोटो काढतात. मी एका कणीसवाल्या आजींना विचारलं, ह्या पाण्याखाली काय आहे. त्या म्हणाल्या, गाळ. त्यांचं काही चुकलं नाही, पण मला उगाच काठावर चप्पल काढून बसावंसं वाटलं. देवळात नाही का आपण बसत, तसं. समोर सिंहगडाच्या बाजूचे डोंगर होते आणि त्यांची सावली पाण्यात उतरलेली होती. बघणं पाण्याकडे, काढणं बोडी. असं पावसाळ्यापासून थंडीपर्यंत चाललं. वीस-बावीस चित्रं झाली. बहुतेक चिखल.

तेविसावं जमलं. कसं ते मला माहीत नाही. पाणी होतं, मोहाचा काळोख होता, डाव्या हाताला दगड, आणि उजेड खाली. सगळं धुक्यातून आल्यासारखं. बाईंनी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि चहा गार होईस्तोवर बघितलं. एरवी त्या काहीतरी चूक काढतात. त्या दिवशी म्हणाल्या, "मला आपल्या गावाला जाऊन आल्यासारखं वाटतंय."

फ्रेम चाचांनी स्वतः केली, मला हात लावू दिला नाही. प्रवासात फुटू नये म्हणून काचेऐवजी प्लास्टिकचा ताव घातला. बांधून देताना म्हणाले, वरची बाजू कुठली ते मागे लिहिलंय, तुझा काही भरवसा नाही.

गोंदियाच्या गाडीत रात्रभर चित्र मांडीवर होतं. मला दोन भीती होत्या. एक, माय बोडी ओळखणार नाही. दुसरी, ओळखेल आणि तरी मला ओळखणार नाही.

घरी पोचलो तेव्हा ती अंगणात खाटेवर बसली होती, फारच लहान झालेली. मी पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला, कुणाच्याही ठेवावा तसा, आणि भावाला विचारलं, "कोन होय हा?" भाऊ मोठ्यानं सांगायला लागला, मी त्याला थांबवलं. कापड सोडलं आणि चित्र तिच्या मांडीवर ठेवलं.

ती बघत राहिली. मग तिचं बोट उठलं आणि प्लास्टिकवरून दगडावर जाऊन थांबलं. "बोडी," ती म्हणाली. अगदी सहज. जशी काही बोडी घराच्या मागेच आहे. बोट मोहाखाली गेलं, पाण्यावरून फिरलं. "अठी शिंगाडे," ती म्हणाली. शिंगाडे मी काढलेच नव्हते. नुसता हिरवा सोडला होता. तीस वर्षं आणि इतके मैल ओलांडून आम्ही दोघं एकाच ठिकाणी उभे होतो, आणि ते ठिकाण आता जगात नाही.

मग तिचं बोट वर गेलं आणि अडलं. "आन् हे पहाडी कोठची?"

मी वाकून पाहिलं. मोहाच्या मागे, फिकट जांभळा, धुक्यात अर्धा विरलेला डोंगर होता. भाऊ हसायला लागला. माय, आपल्या गावाले पहाडी कोठून आली, म्हणाला. खरंच. आमच्याकडे सगळी सपाट धानाची शेतं. पाऊलभर चढ नाही कुठं. मी सगळी चित्रं डोळ्यांसमोर आणली आणि मला कळलं की डोंगर प्रत्येकात आहे. खडकवासल्याच्या काठावर बसून बसून तो माझ्या बोडीमागे येऊन बसला होता आणि मला पत्ता लागला नव्हता. बाईंनाही खटकलं नव्हतं, चाचांनाही नाही. पुण्याच्या माणसाला पाण्यामागे डोंगर असणारच. आणि इतकी वर्षं राहून मीही त्यांच्यातलाच झालो होतो.

लाजेनं माझे कान तापले. एक गोष्ट खरी न्यायची होती, तीही भेसळ करून नेली. मी तिच्या पायाशी बसलो आणि खरं ते सांगितलं.

"माय, ते पहाडी पुन्याची आहे. मी तठी राहतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग परत माझ्याकडे, बराच वेळ.

"पहाडीच्या मांगं राहतो?"

"हो."

"मंग जवरच तं आहे," ती म्हणाली. "जेवाले येत जा."

भाऊ आत निघून गेला. मी तिथंच बसून राहिलो. तिनं मला ओळखलं का, हे मला आजही सांगता येत नाही. माझं नाव ती चारही दिवसांत घेऊ शकली नाही. पण संध्याकाळी तिनं चपला घातल्या नाहीत. चित्रासमोर बसली, आणि ताट आलं तेव्हा अर्धी भाकर तोडून माझ्या हातात दिली.

परत आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, डोंगर पुसता येईल का. ओला ब्रश फिरवून रंग थोडा उचलता येतो, हे मला माहीत होतं. त्यांनी हातातला ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाल्या, तो आपण काढलेलाच नाही, तर पुसणार कसा? चाचांना सांगितलं तर ते हिरा चालवत म्हणाले, पहिल्या दिवशी मी बॉडी ऐकलं ते अगदीच चूक नव्हतं म्हणायचं, तळ्याबरोबर तुझी आईही थोडी तिथंच राहिली. आणि नंतर, जरा वेळानं, आईसाठी दुवा मागतो म्हणाले. ह्या वेळी नीट ऐकून घेतलंय, अशी पुस्ती जोडली.

चित्र आता मायच्या खाटेसमोर टांगलेलं आहे. भाऊ फोनवर सांगतो की ती त्याचंही नाव विसरली. तरी ताट वाढलं की हात आखडून बसते आणि चित्राकडे बघत विचारते, पहाडीमागचा आला का. भाऊ म्हणतो, निघाला आहे. मग जेवते.

मी पुन्हा एक बोडी काढायला घेतली आहे. ह्या वेळी डोंगर मुद्दाम काढला. त्याच्या पायथ्यापासून बोडीच्या दगडापर्यंत कागद कोरा सोडलाय, पायवाटेएवढा. मधे थोडा रंग त्यात शिरला, पण वाट बुजली नाही.